निळ्या दोऱ्यापर्यंत

अकोल्यात लोकरीची शाल विणत बसलेल्या बाईकडे लोक आदराने पाहत नाहीत, काळजीने पाहतात. ज्या गावात मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला धरतं आणि कूलरमध्ये पाणी टाकणं हे घरातलं मुख्य काम असतं, तिथं माझी थोरली बहीण मांडीवर पांढरी लोकर घेऊन बसायची. येणारा-जाणारा विचारायचा, कोणासाठी? ती म्हणायची, कोणासाठीच नाही. हे उत्तर लोकांना तिच्या आजारापेक्षाही विचित्र वाटायचं.

ताईनं सारा जन्म मुलींच्या शाळेत शिवण आणि विणकाम शिकवलं. या विषयाला शाळेत जेवढा मान असतो तेवढाच तिला मिळाला, म्हणजे गणिताचे शिक्षक रजेवर असले की त्या वर्गावर तिला पाठवत. मुली घरून आईकडून मोजे विणून आणायच्या आणि स्वतःचे म्हणून दाखवायच्या. ताई ते उलटसुलट करून पाहायची आणि वहीत मार्क टाकताना मुलीला सांगायची, "तुह्या आईले सांग, पास झाली म्हणून." विणकाम हे तिच्या लेखी हस्ताक्षर होतं. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल, कोणता भाग बाईनं भांडण झाल्यावर विणला आहे, हे तिला टाक्यांवरून कळायचं. मी कायद्याच्या पुस्तकांच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. तिथं असं काही कळायची सोय नव्हती.

तिनं विणलेलं सगळं कोणाच्या तरी थंडीसाठी होतं. टोपडी, मोजे, मफलर, सासऱ्यांचं बिनबाह्यांचं स्वेटर. निवृत्त झाल्यावर तिनं हे जाळीचं काम काढलं. बारीक लोकर, दोन टोकं तारेनं जोडलेली लांब वर्तुळाकार सुई, आणि पानांची नक्षी, एकावर एक रांगा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते धुऊन पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं दिसत होतं, आणि मी तसं म्हणालो. तिला राग आला नाही. जाळीचं काम सुईवर असंच दिसतं, तिनं समजावलं. पूर्ण झालं की ते पाण्यात भिजवायचं, गादीवर पसरायचं, चारी बाजूंनी ओढून टाचण्यांनी ताणून ठेवायचं आणि तसंच वाळू द्यायचं. मग भोकं उघडतात, पानं पानांसारखी दिसतात. तोवर विणणाऱ्यालाही ठाऊक नसतं आपण काय केलं ते. जन्मभर स्वेटरं विणल्यामुळे तिनं स्वतः हे एकदाही केलेलं नव्हतं.

एक सवय तिची शाळेतली होती. पानांची एक रांग संपली की ती बोथट सुईत निळा दोरा ओवून तो त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांमधून नेऊन ठेवायची. पुढं काही चुकलं तर निळ्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं. त्याच्या मागचं सुटत नाही, कारण दोरा टाके धरून ठेवतो. शाल जशी लांबली तसे तिच्यात निळे दोरे वाढले.

भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, निवृत्त मुख्याध्यापक आणि कार्यरत वक्ते. अकोल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत कुठंही फीत कापायची असली, दीप लावायचा असला किंवा कोणी मेलेलं असलं, तर त्यांना बोलावणं यायचं. ते घरातही व्यासपीठावरची मराठी बोलत. भाजीत मीठ कमी असेल तर 'किंचित लवणाचा अभाव जाणवतो' असं म्हणत, आणि ताई मिठाची डबी त्यांच्याकडं सरकवत असे. त्यांच्याकडं सत्काराच्या शालींचं एक कपाट होतं. नारळांची चटणी व्हायची, हारांचं खत व्हायचं, पण शालींचं काय करायचं हे कोणाला सुचलं नव्हतं. त्या पांघरल्या तर टोचायच्या आणि पुसायला घेतल्या तर पाणी शोषायच्या नाहीत. कपाटाच्या खालच्या कप्प्यात एका डब्यात छातीवर लावायचे बिल्ले होते, फीत आणि मागं टाचणी असलेले. प्रत्येकावर 'अध्यक्ष', 'प्रमुख पाहुणे' किंवा 'सत्कारमूर्ती'. ते एकही फेकत नसत.

आजार पोटातला होता आणि उशिरा कळला. नागपूरला औषधं सलाइनमधून चढवली. त्यांनी पोटाचं काय केलं ते सांगता येत नाही, पण बोटांची टोकं बधिर झाली. ताई म्हणायची, हातमोजे घालून विणल्यासारखं वाटते. मग डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरी न्या, हवं ते खाऊ घाला. भाऊजींनी आत जाऊन तिला सांगितलं, डॉक्टर समाधानी आहेत. ताईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

त्यानंतर मी दर शनिवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जायचो आणि सोमवारी अमरावतीला परतायचो. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. सगळे तिला सांगत की तुम्ही लढवय्या आहात. कोणाच्या तरी पुतण्याचं, कोणाच्या तरी विहिणीचं उदाहरण देत, जे आता ठणठणीत होते. ती ऐकून घ्यायची आणि ते गेल्यावर सुई हातात घ्यायची. दोन टाके घ्यायची, एक सुटायचा. पुन्हा घ्यायची.

त्यात भाऊजींनी कार्यक्रम ठरवला. माजी विद्यार्थिनींनी ताईचा कृतज्ञता सोहळा करायचा होता. तोवर शाल पूर्ण होईल आणि तिचं लोकार्पण होईल, अशी त्यांची योजना होती. शालीचं लोकार्पण म्हणजे काय हे मी विचारलं. प्रमुख पाहुणे ती शाल तिच्याच खांद्यावर घालतील, असं त्यांनी सांगितलं. फलकाचा नमुना त्यांच्या फोनवर होता. ताईचा फोटो होता, आणि तिच्यापेक्षा मोठा प्रमुख पाहुण्यांचा.

एका रविवारी भाऊजी आंघोळीला गेलेले असताना ताई मला म्हणाली, "हे पुरं होत नाही. मले एकदा उघडलेलं पाहाचं आहे. आहे तेवढं भिजवू अन् ताणून टाकू."

अर्धवट असताना असं करता येतं का, मी विचारलं. येतं, ती म्हणाली. टाके सगळे दोऱ्यावर घ्यायचे, सुई काढून घ्यायची, म्हणजे काही सुटत नाही. किती झालं, कसं झालं ते पाहायला विणणारे मध्येच असं करतात, आणि मग पुढचं ठरवतात. पुढचं ठरवायचं म्हणाली खरी, पण आम्ही दोघंही त्या शब्दापाशी थांबलो नाही.

जेवताना तिनं तेच भाऊजींना सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. अर्धं काम धुवायला काढणं म्हणजे रणांगण सोडणं, ते म्हणाले. शाल पूर्ण होणार आहे, तिनं असा विचारही मनात आणू नये, सकारात्मक राहण्यातच अर्धा उपचार असतो. ताई म्हणाली, "रण कोठचं? मी तं खाटेवर आहो." ते ताटावरून उठले. हात धुऊन बाहेर जाऊन बसले. मी बेसिनपाशी गेलो तेव्हा तिथला नळ वाहतच होता. अकोल्यात नळ उघडा ठेवणारा माणूस भानावर नसतो.

ताईनं वाद घातला नाही. ती त्यांचं बोलावणं येण्याची वाट पाहत राहिली, आणि ते येणारच होतं. पुढच्या शनिवारी मूर्तिजापुरात एका वाचनालयाच्या कार्यक्रमाचे ते अध्यक्ष होते. सकाळी जाकीट घालून निघताना त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, मला औषधांच्या वेळा सांगितल्या आणि भाड्याच्या गाडीत बसले. गाडी कोपऱ्यावरून वळली तसं ताईनं मला टब आणायला सांगितलं.

टाके तिनं स्वतः दोऱ्यावर घेतले. बोटांना सुई कळत नव्हती म्हणून ती डोळ्यांनी पाहून एकेक टाका ओवत होती, आणि मी पलीकडची बाजू धरून बसलो होतो. पाण्याबद्दल ती फार कडक होती. बोअरचं पाणी लावायचं नाही. तिकडचं बोअरचं पाणी खारं, बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारं. त्यात लोकर घातली तर वाळल्यावर कडक होते. नळ येऊन बरेच दिवस झाले होते, आणि कोठीतलं प्यायचं पाणी टबात ओतताना मला अपराध केल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, "ओत. मी कितीक पिणार आता."

भिजलेली शाल पिळायची नव्हती. टॉवेलात गुंडाळून वरून दाबायची होती. मग ती पसरायला जागा हवी. घरातला मोठा पलंग एकच होता आणि त्यावर ताई होती. म्हणून मी बैठकीतला सोफा आणि टीपॉय बाहेर व्हरांड्यात काढले, जमिनीवर गादी घातली, तिच्यावर धुतलेली पांढरी चादर पसरली. टाचण्यांसाठी भाऊजींच्या बिल्ल्यांचा डबा काढला. सगळ्या 'अध्यक्षां'च्या आणि 'सत्कारमूर्तीं'च्या मागच्या टाचण्या काढून घेतल्या. इतक्या वर्षांत त्यांचा झालेला तो पहिला उपयोग. वाळताना वारा हवा म्हणून पुढचं दार उघडं ठेवलं. कूलर बंद, कारण त्याची हवा ओली. ताईचा आणि माझा फोन भाऊजींच्याच नियमाप्रमाणे आवाज बंद करून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेले होते. ताईची झोप मोडू नये असा त्यांचा आग्रह असे.

मग मी गुडघ्यावर बसून, कपाळ जवळजवळ गादीला टेकवून, एकेक टाचणी लावू लागलो. आतून ताई सूचना करत होती. आधी मधली रेघ सरळ कर. मग वरची कड. ओढ, भिऊ नको, तुटत नाही. मी ओढलं, आणि त्या फडक्यातून पान निघालं. मग दुसरं. देठ, मधली शीर, कडेची भोकं. शाल वाढता वाढता गादीभर झाली. मी आत जाऊन तिला सांगितलं की चल, पाहा. नाही, ती म्हणाली, वाळल्यावर. ओलं सगळंच चांगलं दिसते.

एका कोपऱ्याला टाचण्या कमी पडल्या. मी तिथं वाकून दोऱ्यानं काही जमतं का ते पाहत होतो. शेजारीणबाई रोज त्या वेळेला ताईसाठी कण्या घेऊन येत. त्या दिवशीही आल्या असणार, कारण नंतर कण्यांचं भांडं पायरीवर सापडलं. त्यांना काय दिसलं ते सांगतो. सोफा बाहेर. दार सताड. बैठक रिकामी. जमिनीवर पांढरी चादर, तिच्यावर पांढरंच काही पसरलेलं, आणि त्यापाशी भाऊ डोकं टेकवून बसलेला. आपल्याकडं घरात माणूस गेलं की बैठक अशीच मोकळी करतात. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आवाज न करता मागं फिरल्या. रडण्याच्या वेळी माणसाच्या पाठीमागं उभं राहू नये एवढी रीत त्यांना होती. विचारून घ्यावं एवढी नव्हती.

मी उठलो तेव्हा व्हरांड्यात माणसं होती. सोफ्यावर तीन वयस्क गृहस्थ टोप्या मांडीवर घेऊन बसले होते, फाटकापाशी पुरुष हात मागं बांधून उभे होते, बायका भिंतीशी. कोणी बोलत नव्हतं. पायरीखाली चपला साचल्या होत्या. मला वाटलं, भाऊजींकडं कसली तरी बैठक असेल. एक जण पुढं आला, त्यानं माझ्या दंडाला धरलं आणि हळू विचारलं, "केव्हा नेता?"

तेव्हा मला कळलं. ताई आत जिवंत आहे हे मी त्या माणसाला सांगितलं. त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं, जसं धक्का बसलेल्या माणसाकडं पाहतात. मग आतून ताईचा आवाज आला, कोण आलं रे, आणि व्हरांड्यातली एक बाई किंचाळून खाली बसली.

आत जाऊन मी तिला सांगितलं. 

"किती जन आहेत?"

बरेच, मी म्हणालो.

"पाह्य बरं, शाळेतलं कोनी आलं काय."

मी पाहून आलो. गणिताचे सर आलेले होते. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, त्यांना चहा दे, इतक्या उन्हात आले. पण चहा कोणी घेतला नाही. जिवंत माणसाच्या घरी, त्याच्याच मयतीला आल्यावर चहा घ्यावा की नाही याबद्दल काही रिवाज नसावा. लोक हळूहळू निघाले. काहींनी माझ्यावर डोळे वटारले, जणू मीच बोलावलं होतं. एका जुन्या विद्यार्थिनीनं हार आणला होता. तो परत न्यायचा कसा हे तिला कळेना, म्हणून तिनं तो फाटकाच्या खिळ्याला अडकवला आणि स्कूटरवर बसून गेली.

मी स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही फोन पाहिले. ताईच्या फोनवर माजी विद्यार्थिनींच्या गटात श्रद्धांजली आली होती. फोटो तोच होता जो सोहळ्याच्या फलकासाठी निवडला होता. फक्त त्याच्या भोवतीची फुलं बदलली होती. माझ्या फोनवर भाऊजींचे न घेतलेले फोन ओळीनं होते. मी लावला तर त्यांचा लागेना. आधी व्यस्त, मग बंद. सांत्वनाच्या फोनांनी बॅटरी संपली होती, हे नंतर कळलं.

मूर्तिजापुरात काय झालं तेही नंतर कळलं. त्यांचं अध्यक्षीय भाषण चालू होतं. कोणीतरी निवेदकाच्या कानात सांगितलं, निवेदकानं भाषण थांबवून ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं. सगळं सभागृह उभं राहिलं. दोन मिनिटं शांतता पाळली गेली. मग संयोजकांनी, कार्यक्रमपत्रिकेत होतं म्हणून, त्यांना शाल आणि नारळ दिला आणि गाडीपर्यंत सोडलं.

ते आले तेव्हा व्हरांडा रिकामा होता, पण सोफा बाहेर होता आणि फाटकाला हार. जाकीट, छातीवर बिल्ला, खांद्यावर ती नवी शाल, काखेत नारळ. मी पुढं झालो, पण त्यांना मी दिसलो नाही. ते उंबऱ्यात आले आणि त्यांनी गादीवरचं पांढरं पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. ज्या माणसाला मी बिनशब्दाचा कधी पाहिला नव्हता, त्याच्या तोंडातून नुसती हवा येत होती. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं.

आतून ताई म्हणाली, "आले काय तुमी? त्यावर पाय देऊ नका."

ते जिथं होते तिथंच खाली बसले. नारळ घरंगळत सोफ्याच्या जागेपर्यंत गेला.  मी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही. मग ते माझ्याकडं न पाहता बोलले, आणि ती भाषा मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलेली नव्हती, बहुधा त्यांच्या आईची असेल.

"दोन मिनिटं उभा होतो मी," ते म्हणाले. "सारे माह्याकडे पाहून राहिले होते. अन् मले कायच आठवे ना. तिचं तोंडच आठवे ना."

 थोड्या वेळानं त्यांचं लक्ष गादीच्या त्या कोपऱ्याकडं गेलं, जिथं टाचणी नव्हती आणि कड आत दुमडली होती. त्यांनी छातीवरचा बिल्ला काढला, टाचणी वेगळी केली, गुडघ्यावर सरकत गेले आणि तो कोपरा ओढून लावला. सरळ लागला नाही. त्यांनी काढून पुन्हा लावला. मग उठून आत गेले. आत ते काय बोलले ते मी ऐकलं नाही.

अकोल्याच्या मे महिन्यात लोकर वाळायला वेळ लागत नाही. ऊन कलल्यावर आम्ही ताईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, दोघांनी खुर्ची उचलून बैठकीत आणली. ती इतकी हलकी झाली होती की भाऊजी उगाचच धापा टाकत होते, जड आहे असं तिला वाटावं म्हणून.

तिनं पाहिलं. सुरुवातीच्या कडेपासून, ओळीओळीनं, वही तपासल्यासारखं. पानं होती. मी काढलेली नसूनही मला त्यांचा अभिमान वाटत होता. तिच्या चेहऱ्यावर काही आलं नाही, पण मान जराशी हलत होती, बरोबर, बरोबर, अशी. मग ती एका जागी थांबली.

"इथून पाहा," ती म्हणाली.

आम्ही पाहिलं. मला आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. तिथून पुढं पानं वाकडी होती. एक मोठं, एक आवळलेलं, भोकं कुठं फाकलेली, कुठं बुजलेली. सुईवर ते गोळा होऊन असताना कोणालाच कळलं नव्हतं. ताणल्यावर सगळं उघडं पडलं. शालीच्या कोणत्या ओळीला तिच्या बोटांतला जीव गेला, ते आता दारातूनही दाखवता आलं असतं.

"हे मी नाई विणलं," ताई म्हणाली. "हे औषधानं विणलं."

भाऊजी म्हणाले, कोणाला कळणार नाही. आम्हाला तर दिसतही नाही.

"तुमाले नाई दिसत. मले दिसते." तिनं बोटानं निळा दोरा दाखवला, वाकड्या पानांच्या अलीकडचा. "इथपर्यंत उसवा. मंग बंद करते."

शाल लहान होईल, भाऊजी म्हणाले. अर्धीच राहील.

"राहू द्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मी काही हरकत घ्यावी. मग त्यांनी चष्मा लावला, टाचण्या काढल्या, तिच्या पायाशी बसले आणि तिनं सांगितलं तसं दोऱ्यावरचे टाके मोकळे करून लोकर ओढायला लागले. विणायला तिला सारा हिवाळा लागला होता. उसवायला काही लागत नाही. लोकर सरळ निघत नव्हती. एकेक टाक्याचं वळण तिच्यात तसंच राहिलं होतं, ओळीनं बारीक लाटा. भाऊजी ती बोटांवर गुंडाळत होते आणि ताई त्यांना सांगत होती, घट्ट गुंडाळू नका. नंतर ती ओली करून, खाली वजन टांगून वाळवली की सरळ होते, असंही तिनं सांगितलं. निळा दोरा आला तसं सुटणं थांबलं. त्याच्या मागच्या ओळीत सगळे टाके शिस्तीत उभे होते.

सोहळा भाऊजींनी रद्द केला. फोन त्यांनी माझ्यासमोर लावला. कारण सांगितलं नाही, आभारही मानले नाहीत, ही त्यांच्या सार्वजनिक जीवनातली पहिलीच वेळ असावी.

टाके बंद करायचं काम तिनं स्वतःच केलं, रोज थोडं थोडं, आणि तेही नाईलाजानं सैल. एकदा त्यात हात थांबवून ती मला म्हणाली, "हेच टाकजो माह्यावर. त्या कपाटातलं काई आनू देऊ नको यायले." भाऊजी तिथंच, पेपरामागं होते. पेपर हलला नाही.

शेवटचा टाका बंद झाला तेव्हा मी अमरावतीत होतो. त्यानंतर ती फार राहिली नाही.

सोफा पुन्हा बाहेर निघाला, गादी पुन्हा जमिनीवर आली. माहेरची हिरवी साडी मी अमरावतीहून घेऊन गेलो, आणि तिच्यावर भाऊजींनी ती शाल घातली. लहान होती, गुडघ्यापर्यंतच आली. लोकर जळताना वास येतो, असं कोणीतरी म्हणालं. भाऊजींनी ऐकलं नाही. माजी विद्यार्थिनींकडून एक भरजरी शाल आली, ती त्यांनी आणणाऱ्याच्याच हातात परत दिली.

या वेळी माणसं लगेच आली नाहीत. आधी फोन आले. सगळ्यांचा सूर एकच, आडून विचारणारा: असं असं ऐकलं, म्हटलं आधी विचारून घ्यावं. शेजारीणबाईसुद्धा कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या, पण आत आल्या नाहीत, मी खूण करेपर्यंत. व्हरांडा बराच वेळ रिकामाच होता. भाऊजी खुर्चीत बसून एकेक फोन घेत होते. ज्यांनी इतरांच्या मयतीत तासतास बोलून दाखवलं होतं, ते प्रत्येकाला तेवढंच सांगत होते. "हो. खरं आहे."

तेरवी झाल्यावर मी निघायच्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं. शालींच्या थप्पीवर ती उसवलेली लोकर होती, सैल गुंडाळलेली, लाटालाटांची. तेवढीच उरली होती. मला ताईचं बोलणं आठवलं. म्हटलं, हे ओलं करून, वजन टांगून सरळ करायचं राहिलं. आज करू या, पाणी आलेलं आहे.

त्यांनी तो गोळा हातात घेतला, अंगठ्यानं थोडी लोकर ओढून पाहिली. सोडल्यावर ती पुन्हा तिच्या वळणात गेली.

"नको," ते म्हणाले, आणि कपाट लावून घेतलं.